केबिनमधून उतराले मले दोन वर्षं लागली

हे मी त्या माणसासाठी लिहून राहिलो, जो आत्ता संडासात बसला आहे आणि खाली पाहाले भिऊन राहिला. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. पण ज्याच्यासाठी आहे त्याले पहिलेच सांगतो: पाहा. डोळे उघडून पाहा. जे दिसलं ते आज घरी सांग, उद्या डॉक्टरले सांग. मी दोन वर्षं पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याचीच ही हकिकत आहे.

माझं नाव गणपत. गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठचं. धानाची शेती, चार भाऊ. भिलाईले पोलादाचा कारखाना उभा होऊन राहिला असं कळलं, तसा मी आणि माझ्या बायकोचा भाऊ लक्ष्मण एकाच गाडीनं दुर्गले उतरलो. तो रेल्वेत चिकटला, पॉइंट्समन झाला. मी कारखान्याच्या पायव्याची माती खोदाले लागलो. मरोद्याकडं पत्र्याच्या झोपड्या होत्या, तिथं राहत होतो. सातवी शिकलेला म्हणून मुकादमानं माझं नाव क्रेनच्या ट्रेनिंगमध्ये टाकलं. पुढं क्वार्टर मिळालं, बायको सुभद्रा आली, विमल झाली. मी बोलतो तसंच लिहितो, कोणी शुद्ध-अशुद्ध काढू नये. माझ्या नाकावर राग असते, हे आमच्या खात्यात कोणालेही विचारा.

भोंग्यावर चालणारं पोट

आमची क्रेन जमिनीवर नसते. भट्टीघराच्या छताखाली दोन बाजूंनी रूळ असतात, त्यावर ती आडवी फिरते, आणि तिले खालून एक काचेची केबिन लटकते. त्या केबिनमध्ये मी. माझ्या समोर आकड्यांवर लॅडल, म्हणजे वितळल्या पोलादानं भरलेली बादली. बादली म्हणलं तर हसू येते, आमचं अख्खं क्वार्टर तिच्यात मावलं असतं. ती भरली का साच्यांवर न्यायची आणि एकेक साचा भरेपर्यंत तशीच धरून राहायचं. खाली खलाशी, म्हणजे क्रेनचा जमिनीवरचा माणूस, हातानं इशारे करते, शिटी मारते. क्रेनवाला फक्त त्याचंच ऐकते. मॅनेजर जरी खालून ओरडला तरी त्याचं नाही ऐकायचं, खलाशाचं ऐकायचं.

आणि मधात उतरता येत नाही. तुमाले लघवी लागो, पोट गुडगुडो, लॅडल हवेत आहे तर तुमीही हवेत. शिडी उतरून संडासात जाऊन परत चढाले वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात भट्टीवाले मायबहिणीवर येतात. म्हणून क्रेनवाले पाणी कमी पितात, पाळीवर येताना अर्धपोटीच येतात. कोणी केबिनमध्ये लघवीसाठी डबा ठेवते. मी डबाही ठेवत नव्हतो. मी पोटाले अशी सवय लावली होती का पाळीचा भोंगा वाजाच्या आधी एकदा, आणि पाळी सुटल्यावर एकदा. खात्यात म्हणत, गणपतचं पोट भोंग्यावर चालते. आमचा फोरमन नव्या पोरांले म्हणायचा, "गणपत के जैसा रहो. आठ घंटा, एक बार भी नीचे नहीं आता." बापा, काय छाती फुगायची माझी!

मग दोन दिवसांतून एकदा व्हाले लागलं. मग तीन दिवसांतून. जे व्हायचं ते बारीक, करंगळीएवढं, आणि झाल्यावरही वाटायचं का अजून राहिलं आहे. कोण्याही शहाण्या माणसाले शंका आली असती. मले वाटलं, पोट आणखी वठणीवर आलं. आता तर पाळीत उतरायची गरजच नाही. मी खूश होतो. हे लिहिताना आजही मले माझ्याच कानशिलात मारावी वाटते.

गर्मी

रक्त पहिल्यांदा दिसलं ते होळीच्या आसपास. थोडंसंच होतं. मी पाणी टाकलं आणि बाहेर आलो.

भट्टीवर काम करणाऱ्या माणसाले काहीही झालं तर त्याचं एकच कारण असते, गर्मी. डोळे लाल झाले, गर्मी. फोड आला, गर्मी. लघवीले आग झाली, गर्मी. तसंच रक्त पडलं तर गर्मी खाली उतरली म्हणायचं. माझा खलाशी होता बिसाहू, कुम्हारीजवळच्या गावचा, माझ्याच वयाचा छत्तीसगढी माणूस. त्याले मी गमतीत सांगितल्यासारखं सांगितलं. तो म्हणे, "भइया, बासी खा. गरमी निकर जाही." बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्यासोबत खायचा. मी सहा महिने बासी खाल्ली. मरोद्याच्या एका वैद्यानं मुळव्याधीची पुडी दिली. त्यानं तपासलं नाही, मी दाखवलं नाही. दोघांचीही अब्रू राहिली.

कारखान्याच्या दवाखान्यात कावून नाही गेलो? खरं सांगतो. मरणाची भीती नव्हती. दरवर्षी क्रेनवाल्यांची तपासणी होते, तिथं एकदा 'अनफिट' लिहिलं का क्रेन गेली. वरून खाली. मी मातीतून वर चढलो होतो, मले खाली यायचं नव्हतं.

रक्त वाढलं तसे कपडे खराब व्हाले लागले. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या नळावर मी चड्डी धुवायचो आणि ओलीच पिशवीत घालून घरी आणायचो. आमच्या घरी पुरुषानं कपडे धुतलेले कोणी पाहिले नव्हते. सुभद्रानं एकदा विचारलं, "अजी, तुमी कावून धुता? मी मेली काय?" मी खेकसलो, "तेल लागते मशीनचं, तुले निघत नाही." ती गप्प झाली. पुढचे कितीक महिने ती गप्पच होती, आणि मले वाटलं का तिले पटलं.

त्यावर आणखी दोन होळ्या गेल्या. शिडी चढताना मले मधात थांबावं लागे. बिसाहू खालून पाहायचा. एकदा म्हणे, "भइया, तैं पिंवरा गे हस." पिवळा पडला म्हणे. मी त्याले वरूनच शिवी हासडली.

लॅडल हवेत, मी आत

त्या दिवशी पहिली पाळी होती. पहाटेपासून पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं, खालून वारासुद्धा सरत नव्हता. तरी मी चढलो. दहाच्या सुमारास लॅडल भरलं. मी ते उचललं, साच्यांवर आणलं, आणि तिथं पहिली कळ आली.

कळ यायची, मी दात चावायचो, कळ जायची. मग पुन्हा. चौथ्या साच्यावर उलटी झाली, केबिनमध्येच, माझ्या पायावर. हात लिव्हरवरून काढता येत नव्हता. खाली सात-आठ माणसं होती, त्यांच्यात बिसाहू. माझा हात हलला असता तर त्यांची राख पाहाले मिळाली नसती. बाजूले दार होतं, दाराबाहेर शिडी होती, आणि मी त्या काचेत असा अडकलो होतो का मले रडू आलं. मी मोठ्यानं रडलो. आवाज कोणाले जाणार? भट्टीच्या गर्जनेत माणसाचं रडणं काय ऐकू येते!

साचे भरले. मी लॅडल जागेवर ठेवलं. मग उठाले गेलो आणि उठताच आलं नाही.

बिसाहू शिट्या मारत राहिला. मग तोच चढून आला. त्यानं दार उघडलं आणि हात करून खालच्या एकाले वर बोलावलं. दोघांनी मले पट्ट्यात बांधून दोरानं खाली सोडलं. पाळीची सगळी माणसं काम सोडून वर पाहून राहिली होती, आणि माझी पँट मागून लाल झाली होती. दोन वर्षं जे मी नळावर धुऊन लपवलं, ते सगळ्या खात्यानं एका मिनिटात पाहिलं. शिडीनं खाली आल्याबरोबर बिसाहूनं आपला गमछा सोडला आणि माझ्या कमरेले गुंडाळला. तो गमछा माझ्याजवळ अजून आहे.

खाट

दवाखान्यात नाकातून नळी घातली, हातात सलाइन लावलं. खालून पाणी चढवून चढवून पोट थोडं मोकळं केलं. आतडं पूर्ण बंद झालं नाही, चिमटीएवढी वाट आहे असं सर्जनसाहेब म्हणाले. ते पुण्याकडचे होते, हळू आणि शुद्ध बोलायचे. मग त्यांनी खालून एक लोखंडी नळी घालून आत पाहिलं. त्या टेबलावर मी कसा होतो ते लिहीत नाही. ज्याची तपासणी व्हायची आहे त्याले एवढंच सांगतो का पाच मिनिटं लागतात, आणि डॉक्टर रोज हेच पाहते. लाज तुमाले एकट्यालेच वाटते.

एक तुकडा काढला आणि तपासाले नागपूरले पाठवला. तिथून कागद येईपर्यंत आठ दिवस मी खाटेवर. सकाळी थर्मामीटर, मग फिनाइलचा वास, मग एनिमा, नऊ वाजता साहेबांचा राऊंड, चार ते सहा भेटणारे. नळीमुळं कूस बदलता येत नव्हती. खिडकीतून कारखान्याची धुराडी दिसत. भोंगा ऐकू आला का माझे पाय आपोआप हलायचे. केबिन परवडली म्हणलं, तिथं पाळी सुटते तरी. विमल सात वर्षांची होती, वॉर्डात पोरांले मनाई. ती खिडकीबाहेर विटांवर उभी राहून पाटीवर काढलेली क्रेन दाखवायची. तिच्या क्रेनमधला माणूस नेहमी हसत असे.

आठव्या दिवशी लक्ष्मण आला. भेटायची वेळ नव्हती, अंगात रेल्वेचा निळा सदरा, हातात नागपूरहून त्यानंच गाडीनं आणलेला लिफाफा.

"मी नाई वाचलं, भाऊजी," तो म्हणाला. मी विचारलंही नव्हतं. त्याले इंग्रजी येत नव्हतं, पण त्याच्या स्टेशनमास्तरले येत होतं. त्याचे डोळे सुजलेले होते.

साहेब स्टुलावर बसले

सर्जनसाहेब कधी बसत नसत. त्या दिवशी त्यांनी स्टूल ओढलं.

"गणपतराव, मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे."

मी म्हणलं, "साहेब, मी तर तंबाखूही खात नाही." कॅन्सर म्हणजे तंबाखूवाल्यांच्या गालाले होते, एवढंच मले ठाऊक होतं.

ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या तापाच्या तक्त्यामागं पेन्सिलीनं एक नळी काढली. म्हणाले, आतड्याच्या आतलं अस्तर रोज झिजतं आणि रोज नवं येतं. जन्मभर हे चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. कधीतरी एका ठिकाणी नवं येणं थांबायचं विसरतं. तिथं एक बारीक चामखीळ उठते, मुगाच्या दाण्याएवढी. दुखत नाही, खुपत नाही. बऱ्याच जणांना असते आणि तशीच राहते. काहींची वाढते. वाढता वाढता तिचा स्वभाव बिघडतो. मग ती वर वाढायचं सोडून खाली, आतड्याच्या भिंतीत शिरते. वरून मळ घासून जातो, तिला जखम होते, रक्त येतं. ती गोल पसरते, वाट आवळत जाते. म्हणून करंगळीएवढं. म्हणून तीन तीन दिवस नाही. भिंत ओलांडली की जवळच्या गाठींमध्ये जाते, आणि तिथून रक्तातून यकृतात.

"मग माझी गर्मी?"

"गर्मी नव्हती ती."

"किती दिवसांचं आहे हे?"

"दिवसांचं नाही, वर्षांचं. आठ असतील, दहा असतील. नेमकं कोणीच सांगू शकत नाही."

ते गेल्यावर मी बोटांवर मोजलं. दहा वर्षं मागं मी भिलाईत नव्हतोच, गावी धानाची रोवणी करून राहिलो होतो. म्हणजे तो मुगाचा दाणा घेऊन मी गाडीत बसलो. त्याले घेऊन पायवे खोदले. पहिलं पोलाद ओतलं त्या दिवशी आमी गुलाल उधळला, तवाही तो आत होता. विमल झाली, तवाही होता. बाहेर आमी कारखाना बांधून राहिलो होतो आणि आत हे आपलं काम करून राहिलं होतं, विनाभोंग्याचं.

दुसऱ्या दिवशी राऊंडले मी विचारलं, "साहेब, केबिनमुळं झालं काय? रोखून धरल्यामुळं?"

"तसं मला म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "कशामुळे होतं ते अजून आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण दोन वर्षं तुम्ही ते लपवलंत, ते मात्र केबिनसाठी."



नाही म्हणलं

मग त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं. गाठ फार खाली होती. ती काढायची तर खालची वाट कायमची बंद, आणि पोटाच्या डाव्या बाजूले एक तोंड काढायचं. मळ तिथून येईल.

"किती दिवस?"

"कायम."

"क्रेन?"

"क्रेन विसरा."

मी नाही म्हणलं. म्हणलं सुट्टी द्या, घरी जाऊन मरतो. साहेब रागावले नाहीत. "आज हो म्हणालात तर मला आशा आहे. आणखी महिन्यानं म्हणालात तर कदाचित नसेल. बळजबरी मी करणार नाही," एवढं बोलून पुढच्या खाटेकडं गेले.

तीन दिवस मी भिंतीकडं तोंड करून होतो. इकडून गेलो तर मरण, तिकडून गेलो तर पोटावर ती घाण घेऊन जन्म काढायचा. कोण जवळ बसेल? कोण ताटात वाढेल? तिसरी वाट मी लई शोधली. नव्हतीच.

चौथ्या दिवशी चार वाजता सुभद्रा आली. खाटेच्या कडेले बसली आणि म्हणाली, "अजी, एक सांगा. दोन वर्सं तुमी आपले कपडे सोता कावून धुतले?"

"तुले तरास नको म्हणून."

"झूट नोका बोलू! मले वाटलं तुमी बाई ठेवली. रोज रडून रडून सैपाक केला मी. बाई असती तर बरं झालं असतं, तिचे केस तरी धरले असते. आता ह्याचे केस कुठं धरू?"

सगळा वॉर्ड ऐकून राहिला होता. मी म्हणलं, हळू बोल. ती आणखी मोठ्यानं बोलली.

"विमलचं मी काढलं. तुमच्या मायनं अंथरून धरलं तवा सा महिने तिचं काढलं. नाक नाई मुरडलं. आन तुमचं काढाले मले किळस येईन असं वाटलं तुमाले? मले इतकी हलकी समजले? हो म्हना. तुमी हो म्हनसान तवाच मी इथून उठीन."

सहा वाजले. केरळची एक सिस्टर होती, भेटणाऱ्यांले बाहेर काढायचं काम तिचंच. ती आली, सुभद्राकडं पाहिलं, आणि म्हणाली, "दीदी बैठेगा. मैं नहीं देखा." आणि पडदा ओढून निघून गेली.

सात वाजता मी हो म्हणलं. धीर आला म्हणून नव्हे. ही बाई दोन वर्षं माझ्यामुळं रडली आणि मी बाजूले बसून बासी खात होतो, याची मले त्या लोखंडी नळीपेक्षाही जास्त लाज वाटली.

चालू हो गया

क्रेनच्या सहा जणांनी रक्त दिलं. बिसाहूचं जुळलं नाही, तर तो रक्तवाल्याशीच भांडला.

शुद्धीवर आलो तवा तहान. सुभद्रा कापसाचा ओला बोळा ओठांवर फिरवायची, तेवढंच. चौथ्या दिवशी पोटावरच्या त्या तोंडातून पहिल्यांदा वारा सरला आणि मग मळ आला. मी टॉवेल तोंडावर घेतला. सिस्टर मात्र टाळी वाजवून सगळ्या वॉर्डाले ओरडून सांगते, "चालू हो गया! गणपत का चालू हो गया!" नवी भट्टी पेटल्यावर आमी ओरडायचो तशी. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा, ज्याचं आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं, तो म्हणाला, "बधाई हो." टॉवेलाखाली मी रडतही होतो आणि हसतही होतो.

साहेबांनी सांगितलं, गाठ भिंतीत खोल गेली होती पण पलीकडं निघाली नव्हती. यकृत हाताले साफ लागलं. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. "पाच वर्षं काढलीत तर मी निर्धास्त होईन," म्हणाले.

घरातला कैदी

लोकं म्हणतात घरी आलो आणि सुटलो. मी घरी आलो आणि खरा अडकलो. रबरी पिशवी गळायची, तिचा पट्टा कमरेले कापायचा. मी माझ्याच अंगाचा वास घेत बसायचो. दारावर कोणी आलं का आतल्या खोलीत. लक्ष्मणच्या घरचं लगीन होतं, गेलो नाही. विमल गळ्यात पडाले आली तर मी तिले ढकललं. एक दिवस भाजीत हरभऱ्याची डाळ होती, ती मले सोसत नव्हती. मी ताट भिंतीवर मारलं. सुभद्रानं भिंत पुसली, मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "आजार पोटाले झाला. टकुऱ्याले नाई झाला."

तिनंच माझ्या जुन्या खाकी पँटचा रुंद पट्टा शिवला, आतून मऊ धोतराचं अस्तर. तो कापत नाही आणि गळत नाही. असे पाच आहेत माझ्याजवळ. मग सिस्टरनं सकाळी त्या तोंडातून पाणी चढवून आतडं धुवायचं शिकवलं. एकदा धुतलं का दिवसभर निश्चिंत. मी ते पहिल्या भोंग्याच्या आधी करतो. सुभद्रा म्हणते, "घ्या! तुमचं पोट पुन्हा भोंग्यावर चालाले लागलं."

इशारा

दवाखान्यानं क्रेनसाठी अनफिट लिहिलं. मले खाली काम मिळालं, खलाशाचं. आणि माझ्या क्रेनवर ट्रेनिंग करून चढला कोण, तर बिसाहू. आता तो वर आणि इशारे करणार मी. पहिले सहा महिने मी त्या केबिनकडं पाहिलं का माझं काळीज जळायचं. खोटं कावून बोलू?

एक दिवस फोरमन नव्या पोरांले सांगून राहिला होता. "बिसाहू के जैसा रहो. आठ घंटा, एक बार भी नीचे नहीं आता."

माझं डोकंच फिरलं. लॅडल रिकामं होऊन जागेवर बसलं होतं. मी शिटी मारली, हात आडवे केले, म्हणजे क्रेन बंद. मग बिसाहूले शिडी दाखवली. उतर. तो काचेतून मान हलवून राहिला, नाही. मी हात आडवेच ठेवले. खलाशाचा इशारा आहे तोपर्यंत क्रेन हलत नाही, हा कायदा त्याले मीच शिकवला होता. भट्टीवाले ओरडाले लागले. फोरमन धावत आला, "क्या हुआ? क्यों रोका?"

मी सदरा वर केला, पट्टा सोडला, आणि पोट दाखवलं. त्याले, नव्या पोरांले, सगळ्या पाळीले. ज्याच्यासाठी मी सोयऱ्यांचं लगीन चुकवलं, पोरीले ढकललं, ते मी भर दिवसा भट्टीच्या उजेडात उघडं केलं.

"आठ घंटा नीचे नहीं आया," मी म्हणलं. "दो साल छुपाया. ये देखो."

फोरमननं टोपी काढली. आणि बिसाहू उतरला. शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबून, माझ्याकडं न पाहता हळूच म्हणाला, "भइया, मोरो लहू गिरथे." त्याचंही रक्त पडत होतं, चार महिन्यांपासून.

दुसऱ्या दिवशी मी त्याले हाताले धरून दवाखान्यात नेलं, त्याच टेबलावर. सर्जनसाहेबांनी आत पाहिलं, नीट पाहिलं. साधी मुळव्याध निघाली. मी दवाखान्याबाहेर जिलबी वाटली. बिसाहू आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, म्हणे एवढ्यासाठी तू मले नागवं केलं. करीन, म्हणलं, दहा वेळा करीन.

माझी पाच वर्षं झाली. मागच्या महिन्यात साहेबांनी पोट चाचपलं, हात पुसले आणि या वेळी स्टूल न ओढता उभ्यानंच सांगितलं, "गणपतराव, मी निर्धास्त आहे."

आता दर पाळीत, लॅडल रिकामं झालं का मी शिटी मारतो आणि शिडी दाखवतो. बिसाहू पुटपुटत उतरते. वीस मिनिटं क्रेन उभी राहते, भट्टीवाले शिव्या देतात, मी त्यांच्याकडं पाठ करून वर पाहतो. केबिनचं दार उघडं असते आणि आत कोणी नसते.